शिकारीच्या हंगामात कोरड्या घळीत एक दिवस: बकस्किन गल्चला जाणाऱ्या कुटुंबाला उत्तर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्समध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पती, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले अडुसष्ट वर्षांचे सासरे असे चौघे जण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिण युटातील कनॅब गावी मुक्कामाला जाणार आहेत. तेथून एक दिवस ‘वायर पास’च्या वाटेने ‘बकस्किन गल्च’ या कोरड्या घळीत जाऊन यायचे, असा त्यांचा बेत आहे. खोली ठरवताना त्यांना कळले की नेमक्या त्याच दिवसांत तेथे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. बेत रद्द करावा का, जायचे झाल्यास कपडे कोणते घालावेत, बंदुकीचा आवाज आला तर काय करावे, आणि ‘ते लोक हरणे का मारतात’ असे विचारणाऱ्या मुलीला काय सांगावे, हे त्यांचे प्रश्न आहेत.

बेत रद्द करण्याचे कारण नाही. मात्र दिवसाचे वेळापत्रक आणि अंगावरचे रंग बदलावे लागतील, आणि बंदुकीच्या काळजीपायी पाण्याची काळजी मागे पडणार नाही हे पाहावे लागेल. मी या भागात वीस वर्षांहून अधिक काळ पायी हिंडलो आहे आणि अनेक लहानमोठ्या गटांना घेऊन गेलो आहे. मी स्वतः कधी शिकार केलेली नाही. तरीही शिकाऱ्यांसाठीचा बंदूक-सुरक्षेचा अभ्यासक्रम मी मुद्दाम पूर्ण केला, कारण पलीकडच्या टेकडीवर बसलेल्या माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे मला समजून घ्यायचे होते. पुढे जे लिहितो आहे त्यातील बराचसा भाग त्या समजुतीवर आधारलेला आहे.

आपण सह्याद्रीत हिंडून वाढलेली माणसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हणजे गुन्हा, आणि रानात बंदूक दिसली तर तो चोरटा शिकारी, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते. तेथे मात्र शिकारी हा परवाना घेतलेला, ठरावीक भागापुरता आणि ठरावीक दिवसांपुरता परवानगी मिळालेला माणूस असतो. कनॅबच्या उत्तरेला पॉन्सॉगंट पठार आहे. तेथील मोठ्या शिंगांच्या नर हरणांची ख्याती एवढी आहे की तेथील परवान्याच्या सोडतीत नाव लागावे म्हणून लोक वर्षानुवर्षे अर्ज करत राहतात. त्यामुळे या भागात शिकाऱ्यांची झुंबड नसते. जे येतात ते पुष्कळ वाट पाहून आलेले असतात आणि दुर्बिणीतून तासन् तास डोंगर न्याहाळतात. निष्काळजीपणे गोळी झाडणारा माणूस कोठेही असू शकतो, परंतु ‘बंदूकवाला म्हणजे धोका’ हा पहिला ग्रह घेऊन जाऊ नये. त्याने तुमचाच दिवस बिघडेल.

शिकारीला परवानगी कोठे असते, हे आधी नीट समजून घ्यावे. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन या राष्ट्रीय उद्यानांत शिकारीला बंदी आहे, म्हणून तेथे गेलेल्यांना हा प्रश्नच पडत नाही. वायर पास आणि बकस्किन गल्च हे ‘पॅरिया कॅनियन–व्हर्मिलियन क्लिफ्स वाइल्डरनेस’ या १९८४ मध्ये संरक्षित झालेल्या क्षेत्रात येतात आणि त्याचा कारभार केंद्र सरकारचा भूव्यवस्थापन विभाग पाहतो. अशा जमिनीवर राज्याच्या नियमांनुसार शिकार करता येते. ‘वाइल्डरनेस’ किंवा ‘नॅशनल मॉन्युमेंट’ असा फलक पाहून आपल्याकडील अभयारण्याची कल्पना मनात आणू नये. युटात रायफलने हरणांची शिकार करण्याचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एका शनिवारी सुरू होतो आणि साधारण नऊ दिवस चालतो. त्याआधी धनुष्यबाणाचा आणि ठासणीच्या बंदुकीचा असे दोन हंगाम होऊन गेलेले असतात. वायर पासपासून ॲरिझोनाची हद्द दक्षिणेला अवघ्या मैलावर आहे. त्या बाजूच्या तारखा वेगळ्या असतात आणि शिकार नोव्हेंबरातही चालते. दोन्ही राज्यांची त्या वर्षीची तारखांची पुस्तिका पाहिल्याशिवाय निघू नये.

आता घळीकडे येऊ. ज्यांनी सांदण दरी पाहिली आहे त्यांना बकस्किनची कल्पना पटकन येईल: दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी जागा, आणि वर आकाशाची एक चीर. फरक एवढाच की सांदण काळ्या बेसॉल्टची आहे, आणि ही लाल-पिवळ्या नवाहो वालुकाश्मात पुराच्या पाण्याने कोरलेली आहे. ही अरुंद घळ पंधरा मैलांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चोवीस किलोमीटर चालते. जगातील सर्वांत लांब अरुंद घळींत तिची गणना होते. या चिंचोळ्या भागात हरणे चरायला येत नाहीत, त्यामुळे शिकारीही येत नाहीत. एकदा भिंती जवळ आल्या की गोळीची काळजी बहुतांशी मागे राहते. धोका असतो तो त्याआधीच्या उघड्या भागात. वाहनतळापासून सुमारे सव्वा मैल वाट कोयोट वॉश या वाळूच्या कोरड्या ओढ्यातून जाते, दोन्ही अंगांना सेजब्रशची झुडपे आणि ज्युनिपरची बुटकी झाडे असतात आणि त्यांच्या मागे बसक्या टेकड्या. हरीण असेच झुडपांच्या कडेकडेने ओढा ओलांडते, आणि ओढ्यातून चालणारा माणूसही टेकडीवरून पाहणाऱ्याला नेमका तेथेच दिसतो. या सव्वा मैलात तुम्ही किती वाजता असता आणि कसे दिसता, यावर तुमची सुरक्षितता ठरते.

म्हणून पहिला बदल वेळेचा. युटात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. हरणेही याच दोन संधिकाळांत सर्वांत जास्त हालतात. ऑक्टोबरच्या वीस तारखेच्या आसपास कनॅबला सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो. आपल्याकडील ट्रेकची सवय उजाडायच्या आत वाटेला लागण्याची, आणि उन्हाळ्यात ती तेथेही योग्यच ठरते. शिकारीच्या हंगामात मात्र मी कोणालाही साडेनऊच्या आत ओढ्यात पाऊल टाकू देत नाही आणि दुपारी चारच्या आत सगळे गाडीशी परतलेले असावेत असा आग्रह धरतो. ऑक्टोबरात दुपारचे ऊन सोसण्यासारखे असते, त्यामुळे उशिरा निघण्याने काही बिघडत नाही. येथे तुमच्यासाठी एक खास सूचना आहे. फिनिक्सचे घड्याळ वर्षभर तेच असते, आणि ऑक्टोबरात युटाचे घड्याळ त्याच्या एक तास पुढे असते. हद्दीजवळ फोन कधी या वेळेवर, तर कधी त्या वेळेवर उडी मारतो. एक साधे मनगटी घड्याळ युटाच्या वेळेला लावून ठेवावे आणि दिवसभर त्यावरच विसंबावे.

दुसरा बदल रंगाचा. युटात रायफलच्या हंगामात शिकाऱ्याने डोके, छाती आणि पाठ मिळून किमान ४०० चौरस इंच भडक नारिंगी कापड घालावे, असा नियम आहे. पायी फिरणाऱ्यांना तो लागू नाही, पण मी तो लागू आहे असेच समजतो. ॲरिझोनात शिकाऱ्यांवरही अशी सक्ती नाही. म्हणजे हद्दीजवळ तुमच्या आसपास झाडझुडपाच्या रंगाचे कपडे घातलेला माणूस असू शकतो आणि तो तुम्हाला मुळीच दिसणार नाही. अशा वेळी तुम्ही त्याला दिसणे, एवढेच तुमच्या हातात उरते. हा नारिंगी रंग निवडण्यामागे चांगले कारण आहे. हरणाच्या डोळ्याला निळा रंग ठळक दिसतो, पण नारिंगी रंग आजूबाजूच्या हिरव्या-करड्यातून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे तुम्ही नारिंगी घातल्याने शिकाऱ्याचे नुकसान होत नाही आणि माणसाच्या डोळ्याला मात्र तुम्ही मैलभरावरून ओळखू येता.

नारिंगी बंडी कोणत्याही खेळसाहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळते. चौघांसाठी चार घ्याव्यात आणि चार टोप्याही घ्याव्यात. येथे बहुतेकांची एक चूक होते: बंडी घालतात आणि वरून पाठपिशवी चढवतात. मग पाठीमागून दिसते ती करडी किंवा तपकिरी पिशवी, नारिंगी सगळे तिच्याखाली झाकलेले. बंडी पिशवीच्या वरून चढवावी, किंवा पिशवीला नारिंगी आवरण घालावे. याहूनही महत्त्वाचे म्हणजे पांढरे आणि तपकिरी कपडे टाळावेत. तेथील म्यूल डिअर जातीच्या हरणाचा पार्श्वभाग पांढरा असतो आणि अंग हिवाळ्याच्या तोंडावर करडे-तपकिरी होते. एकदा टेकडीवर बसून मी दुर्बिणीतून आमच्याच गटातील एका बाईंना ओढ्यातून येताना पाहत होतो. त्यांच्या अंगावर राखी रंगाचे लोकरी जाकीट होते आणि हातात पांढरा रुमाल. त्या ज्युनिपरच्या मागे गेल्या आणि फांद्यांच्या फटीतून फक्त तो रुमाल दोनदा हलताना दिसला. त्या माणूस आहेत हे मला ठाऊक होते, तरीही क्षणभर माझ्या डोळ्यांनी तेथे हरीण जुळवले. त्या दिवसापासून माझ्या गटात रुमालसुद्धा रंगीत असतो. सासऱ्यांची नेहमीची पांढरी टोपी खोलीवरच राहू द्यावी.

वाहनतळावर शिकारी भेटले तर आपणहून जाऊन बोलावे. हद्दीवरच्या ‘स्टेटलाइन’ तळावर ते तंबू ठोकून राहिलेले असतात आणि सकाळची टेहळणी संपवून साडेआठ-नऊला चहा-कॉफीसाठी परततात. आपण कोठे जाणार, किती जण आहोत आणि कधी परतणार हे सांगावे, आणि त्यांचे साथीदार कोणत्या बाजूला बसले आहेत हे विचारावे. मला तरी कोणी तुटक उत्तर दिल्याचे आठवत नाही. एका वयस्क गृहस्थांनी तर गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून आपला मुलगा कोणत्या धारेवर आहे ते बोटाने दाखवले आणि ‘तुम्ही ओढ्याची वाळू सोडू नका, एवढेच करा’ असे सांगितले. ती सूचना आजही लागू आहे: फोटोसाठी किंवा जवळच्या वाटेच्या मोहाने ओढा सोडून झुडपांत शिरू नये. चालताना नेहमीच्या आवाजात गप्पा माराव्यात. मुद्दाम आरडाओरडा करून हरणे पळवून लावणे मात्र टाळावे, कारण कायदेशीर शिकारीत जाणूनबुजून अडथळा आणणे हा तेथे गुन्हा आहे.

बंदुकीचा आवाज बहुधा ऐकू येईलच. रायफलची गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते आणि आवाज त्याहूनही लांबून येतो, शिवाय कातळाच्या भिंतींवर आपटून तो चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. त्यामुळे दिशा ओळखण्याचा खटाटोप करू नये. दूरवरचा जड, घुमणारा आवाज असेल तर चालत राहावे. आधी चाबूक ओढल्यासारखा कोरडा कडाका आणि मागोमाग खोल आवाज असे दोन वेगळे आवाज आले, तर गोळी फार लांबून गेलेली नाही असे समजावे, कारण गोळी आवाजाच्या वेगाहून जलद जाते आणि तिचा स्वतःचा कडाका आधी पोचतो. अशा वेळी सर्वांनी एकत्र येऊन मोठ्याने, शब्दांत हाक द्यावी. शीळ घालू नये आणि न बोलता नुसते हात हलवू नयेत. ती हालचाल लांबून जनावराची वाटू शकते, माणसाचे शब्द मात्र कोणालाही ओळखू येतात. मग जवळच्या मोठ्या खडकाच्या आडोशाला जाऊन दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

एवढे लिहिले तरी मला सर्वांत जास्त भीती वाटते ती पाण्याची, आणि ‘कोरडी घळ’ हा शब्द येथे फसवा आहे. ही घळ पाण्यानेच कोरली आहे, आणि वर्षातून काही वेळा ते पाणी परत येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी येथून जवळच, पेज गावाशेजारच्या अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक पुरात वाहून मरण पावले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर. बकस्किनमध्ये उत्तरेकडील लांबवरच्या डोंगराळ मुलखाचे पाणी उतरते. म्हणजे तुमच्या डोक्यावर निळे आकाश असतानाही वरच्या अंगाला वीज चमकत असेल तर घळीत उभे राहणे जीवावर बेतू शकते. भिंतींच्या मध्ये, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, ओंडके अडकलेले दिसतील. पुराचे पाणी तेथपर्यंत चढले होते, हे मुलीला अवश्य दाखवावे. मुख्य धोका जुलै ते सप्टेंबरच्या पावसाचा असला तरी ऑक्टोबरातही वादळे येतात. आदल्या संध्याकाळी आणि निघताना सकाळी कनॅबच्या भूव्यवस्थापन कार्यालयात किंवा महामार्गावरील पॅरिया केंद्रात पावसाचा अंदाज आणि घळीची स्थिती विचारावी. वरच्या खोऱ्यात पावसाची थोडीही शक्यता सांगितली तर बेत सोडून द्यावा आणि त्या दिवशी झायनला जावे. तेथेही अरुंद घळींत न शिरता उघड्या वाटांवरच राहावे. आणखी एक कारण रस्त्याचे: महामार्ग ८९ वरून वायर पासपर्यंतचा आठ मैलांचा हाउस रॉक व्हॅली रस्ता मातीचा आहे आणि ओला झाला की त्या चिकणमातीत भल्याभल्या गाड्या रुततात.

सासऱ्यांबद्दल स्पष्ट लिहितो. वायर पासच्या चिंचोळ्यात एका जागी अडकलेल्या दगडावरून आठ-दहा फूट खाली उतरावे लागते. कधी तेथे शिडी असते, कधी पुराने नेलेली असते, आणि वाळू किती साठली आहे यावर उंची बदलते. गुडघे साथ देत असतील आणि वरून-खालून आधार द्यायला दोघे असतील तर हे जमते. आदल्या दिवशी चौकशी करूनच ठरवावे. महामार्गापासून साडेचार मैलांवर बकस्किनचे दुसरे प्रवेशद्वार आहे, तेथून ही उडी टळते. मात्र तेथून अरुंद भाग लागेपर्यंत उघड्या ओढ्यातून बरेच जास्त चालावे लागते. एरवी वयस्कांना मी तोच मार्ग सुचवतो. या हंगामात सुचवणार नाही. वायर पासनेच जावे, आणि उडी अवघड वाटली तर सासऱ्यांसोबत एकाने तेथूनच मागे फिरून पहिल्या चिंचोळ्यात सावलीला बसावे. जमले तर पुढे जावे. वाहनतळापासून १.७ मैलांवर वायर पास बकस्किनला मिळतो. त्या संगमावर भिंतीच्या पायथ्याशी प्राचीन लोकांनी कोरलेल्या रानमेंढ्या आहेत. त्यांना हात लावू नये, कारण बोटांच्या तेलाने वालुकाश्मावरची ती कोरीव रेघ खराब होते. तेथून अर्धा-पाऊण मैल कोणत्याही दिशेने जाऊन परतले तरी दिवस सार्थकी लागतो. पुढे साचलेल्या पाण्याची डबकी लागली तर त्यात उतरू नये. तेथे ऊन पोचत नाही, आणि छातीइतक्या गार पाण्यातून गेल्यावर लहान मूल आणि वयस्क माणूस दोघेही लवकर गारठतात. माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी सोबत असावे. फोनला संपर्क मिळणार नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने मिळाले तर घ्यावे, नाहीतर परतायची वेळ फिनिक्समधील कोणाला तरी सांगून ठेवावी आणि ती उलटल्यास केन काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवण्यास सांगावे.

परतीचा प्रवासही अंधार पडायच्या आत उरकावा. ऑक्टोबरात पॉन्सॉगंटची हरणे थंडीमुळे दक्षिणेकडे बकस्किन डोंगराच्या बाजूला उतरतात आणि त्यासाठी त्यांना महामार्ग ८९ ओलांडावा लागतो. २०१३ मध्ये तेथे बारा मैलांच्या आसपास कुंपण आणि हरणांसाठी रस्त्याखालून बोगदे बांधले, त्याने धडका पुष्कळ कमी झाल्या. परंतु कुंपण संपते त्या टोकांना, आणि मातीच्या रस्त्यावर तर कोठेही, हरीण अचानक समोर येते. एक दिसले की मागून दुसरे येणार हे गृहीत धरून थांबावे.

मुलीच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. ते लोक हरणाचे मांस घरी नेऊन वर्षभर खातात. किती हरणे मारायची हे राज्याचे वन्यजीव खाते कळपांची गणती पाहून ठरवते. बंदुका आणि काडतुसांवरील करातून १९३७ च्या कायद्यानुसार वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला पैसा मिळतो. तिला हे पटलेच पाहिजे असे नाही. पण त्याबरोबर कॅलिफोर्निया काँडोरची गोष्टही सांगावी, कारण ती तेथेच घडते आहे. गिधाडांच्या कुळातला हा पक्षी पंख पसरले की साडेनऊ फूट भरतो, आणि १९८२ मध्ये जगभरात त्यांची संख्या केवळ २२ उरली होती. १९९६ पासून हाउस रॉक व्हॅलीच्या कड्यांवरून पिंजऱ्यात वाढवलेले काँडोर रानात सोडले जाऊ लागले. शिकारी हरीण जागेवरच साफ करून आतडी-कोथळा टाकून जातो, त्यात शिशाच्या गोळीचे बारीक कण विखुरलेले असतात, आणि ते खाऊन काँडोर मरतात. आपल्याकडे जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे गेली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे सासऱ्यांना आठवत असेल. तसाच हा प्रकार आहे. ॲरिझोनाच्या वन्यजीव खात्याने २००५ पासून या भागातील शिकाऱ्यांना तांब्याच्या बिनशिशाच्या गोळ्या मोफत देण्यास सुरुवात केली. सक्ती नसताना बहुसंख्य शिकारी त्या वापरतात, आणि ज्यांच्याकडे शिशाची गोळी असते त्यांतील अनेक जण कोथळा उचलून परत आणतात. वाहनतळावर भेटलेल्या एखाद्या शिकाऱ्याला मुलीनेच विचारावे की तो कोणती गोळी वापरतो. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर त्याच मातीच्या रस्त्याने दक्षिणेला, ॲरिझोनाच्या हद्दीत, काँडोर पाहण्याच्या जागेपर्यंत जावे. समोरच्या तांबड्या कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की दुर्बीण तेथे धरावी. बहुतेक पक्ष्यांच्या पंखावर क्रमांकाचा बिल्ला असतो, आणि सकाळच्या उन्हात पंख उघडून बसलेल्या काँडोरचा तो क्रमांक तिला वाचता येईल.